अंदाजे

वराझदात म्हणायचा, विश्वाला वाढदिवस नाही.
फुगत नाही ते, पळत नाही कुणापासून.
लांबून येणारा उजेड वाटेत थकतो, इतकंच,
आणि थकलेलं सगळं थोडं लाल दिसतं.
डोंगर चढून आलेल्या पोस्टमनचे कान पाहा.

मी त्याच्या काचा सांभाळायचे,
आरागात्सच्या उतारावर, दुर्बिणीखालच्या तळघरात.
प्रत्येक पाकिटात एक उलटं आकाश:
पांढरी रात्र, आणि तीळ सांडावेत तसे काळे तारे.
"शुशान, बोटं लावू नकोस. तिथे कुणीतरी राहत असेल."

पाहुणे येत, फळ्यावर आकडा लिहून जात.
इतके अब्ज वर्षं, थोडं इकडेतिकडे.
तो डस्टर उचलायचा नाही.
नुसता विचारायचा, "दात पाहिलेत का?"

हे मला फार उशिरा कळलं.
ग्युमरीच्या अनाथालयात एका दुपारी
डॉक्टरनं रांगेतल्या पोरांचे जबडे उघडले,
कारकुनानं वयं लिहिली: पाच. सहा. हाही पाचच.
जन्मतारीख सगळ्यांना एकच, त्याच दिवसाची.
दर वर्षी चारशे मुलांचा वाढदिवस
आणि पाव रोजच्याइतकाच.
आईचं नाव विचारलं तेव्हा तो म्हणाला, "आई."
तेही लिहून घेतलं.

मग ते विजेवाचूनचे हिवाळे.
दुर्बीण बंद, आणि तारे कधी नव्हे इतके.
शेगडीत आधी खुर्च्या गेल्या, मग कागद.
विरोधकांच्या अंकांना त्यानं हात लावू दिला नाही.
स्वतःचे निबंध दिले, गठ्ठ्यानं.
"हे मला पाठ आहेत."

सिरवार्द बर्फातून आली, कोटाच्या आत आलेख.
फुटून मरणारे तारे: जितके दूरचे, तितके सावकाश विझतात.
उजेड नुसता थकला असता, तर असं झालं नसतं.
तो मेणबत्ती हलवत पाहत राहिला.
एका अक्षावर मेण सांडलं.
"ताणलं गेलंय म्हणजे. खरंच."
आणि बऱ्याच वेळानं, "माझा चहा कुठाय?"
कुणी केलाच नव्हता.

दफनाच्या कागदावर वयाचा रकाना होता.
पेनातली शाई गोठलेली; पेन्सिलीनं लिहिलं मी:
अंदाजे.
खिडकीतली बाई म्हणाली, असं चालत नाही, आकडा हवा.
मागे रांग होती. दिला आकडा.

अजून कधी रात्री जाग येते
आणि वाटतं,
एखादं वर्ष कमी लावलं आपण त्याला.