पुढच्या खोल्यांतलं घराणं

ओवळ्याच्या आमच्या बंगल्यात
चार वर्षं झाली, एक बडं घराणं राहतं.
सकाळी नऊला टेम्पोतून येतं,
रात्री नऊला टेम्पोतून जातं.
आम्ही मागच्या दोन खोल्यांत.
भाडं वेळेवर. मालकीण म्हणून तक्रार नाही.

तक्रार आहे ती बघणारी म्हणून.

साडेसातला मी मालिका लावते, आवाज बंद करून,
कारण भिंतीपलीकडे पुढच्या पंधरवड्याचं रडणं चालू असतं
आणि कुकरची शिट्टीसुद्धा त्यांना खपत नाही.
पडद्यावर कोण कोणाला काय म्हणतंय
ते मी आधीच ऐकलेलं असतं, भाकरी थापताना,
सहा-सहा वेळा,
दर वेळी नव्याने लागल्यासारखं.

आता जिना.
अकरा पायऱ्या. आमच्या ह्यांनी उभं राहून बांधून घेतला
जमिनीचे पैसे आले त्या साली.
अंगात ताप असतानाही चहा उतू जायच्या आत
मी खाली पोचलेय.
त्यांची थोरली सून मंगळवारी उतरायला लागली,
गुरुवारी खाली आली.
खाली काय, तर एक पाकीट.

आणि जेवण! ताटं मांडतात, वाट्या सात-सात,
पहिला घास उचलला की कोणीतरी दारात उभं.
चार वर्षांत आमच्या घरात
एक माणूस पोटभर जेवलेला मी पाहिला नाही.
श्रीखंड तर तेच, सोमवारपासूनचं,
मध्ये मध्ये फ्रिजमध्ये जाऊन येतं.

शर्वाणीला मात्र कोणी बोलायचं नाही.
धाकटी जाऊ, विष कालवणारी, भुवया वर.
बेलापूरची नणंद फोनवर म्हणते,
“त्या भवानीला घरात घेतेस कशी?”
ती भवानी दुपारी आमच्या मागच्या ओट्यावर
कोमट पाण्यात पाय सोडून बसते
आणि विचारते, मावशी, जवला उरलाय का?
वाईट वागायचं कामही नीट करावं लागतं.
ती करते. बाकीचे नुसते चांगले असतात.

खरा सिनेमा मी एकच पाहिला.
ठाण्यात, लग्नाच्या वर्षी, ह्यांच्याबरोबर, बाल्कनीत.
नाव आठवत नाही, नायकही नाही.
एक बाई सगळ्यांच्या मागून एकटी जेवायला बसते,
माशाचा काटा काढते,
ताटाच्या कडेला ठेवते.
गाणं नाही, काही नाही. पंख्याचा आवाज.
मी जी रडायला लागले.
हे म्हणाले, “काय झाला गो? काटा त कारला तिनी.”

तेव्हापासून काहीही बघताना
मी तो काटा शोधते.

गेल्या आषाढात त्यांची आजेसासू गेली.
आमच्याच कोपऱ्यातल्या खोलीत, जिथे माझी सासू गेली.
माझी सासू पहाटे गेली, कुणाला हाकही न मारता.
हिने चार भाग घेतले.
मग तिचा फोटो लावायला खिळा हवा होता,
खिळा एकच होता.
आमचा फोटो टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय,
करार अकरा महिन्यांचा, दर वर्षी वाढतो.
ती म्हातारी परवा राहिलेल्या पैशांसाठी आली,
स्वतःला हारात बघून हसली,
म्हणाली, चांगली दिसतेय की.
मीही हसले. मग रात्री झोप नाही.

साडेनऊ झाले होते. टेम्पो गेला होता.
दिवा न लावता पुढे गेले,
त्यांच्या त्या बारा खुर्च्यांच्या टेबलावर
माझं ताट ठेवलं. भात, बोंबलाचं कालवण.
सावकाश जेवले. दारात कोणी आलं नाही.
शेवटचं शीत निपटलं, हात तिथेच सुकू दिला.

काल, मंगळवारच्या भागात,
थोरली सून टेबलाशी उभी, डोळे भरलेले,
कॅमेरा तिच्या बोटांवर गेला,
बोटांपाशी, लाकडाच्या कडेला,
एवढासा, पांढरा,
काटा.

कोणाला दिसला नसेल.
घराणं शाकाहारी आहे.