पाठ दरीकडं

उद्यमनगरात माझं लेथ आहे, तेवीस वर्षं.
नुसतं ऐकून सांगतो, बेअरिंग कुठं रडतंय.
म्हणून आधी इंजिनच घेतलं,
पाठीवर बांधायचं, दोनशे सीसीचं, सेकंडहँड.
कार्बोरेटर धुतला, प्लग बदलला, बाकावर आवळून चालू केलं.
दुकानातली सगळी चलनं उडाली.
शेजारचा भूपाल चौगुले शटर ओढत म्हणाला,
“पायगोंडा, तू जा वर. आमास्नी कशाला नेतोस?”

मुबीना मुल्लाणीनं इंजिनाकडं बघितलंसुद्धा नाही.
“हे झाकून ठेव. आधी वारा शिक.
इंजिन तुला शिकवायला लागत नाही,
आणि तेच तुझं वाईट हाय.”

मग पावणेदोन महिने मसाई पठारावर.
उडणं सोडाच, उडण्याचं नाव नाही.
कापड गवतावर पसरायचं, घोड्याच्या नालासारखं.
दोऱ्या एकेक सोडवायच्या,
लाल लालपाशी, पिवळी पिवळीपाशी,
आणि एक काटकी अडकली
तर तो दिवस काटकीचा.

खालच्या गुऱ्हाळाचा धूर बघायचा.
धूर सरळ उभा: वारा नाही, चहा.
धूर आडवा झोपलेला: वारा फार, चहा.
धूर कमरेत जरासा वाकला,
गल्लीतनं कुणी ओळखीचं जाताना वाकतो तेवढाच,
तर ऊठ, बकला लाव.
दहातले सात दिवस चहाचे.

तोंड कापडाकडं. पाठ दरीकडं.
शेहेचाळीस वर्षांच्या माणसाला समजावून सांगा जरा,
की जिकडं जायचं तिकडं बघायचं नाही.

कापड उठतं, फुगतं, डोक्यावर येतं,
आणि डावीकडं कलंडतं. मी पळतो उजवीकडं.
“डावीकडं! पडतंय तिकडं जायाचं, त्याच्या खाली!”
पण लेथवरनं जॉब सुटला तर मागं सरायचं,
हे हाडात बसलंय माझ्या.
कापडानं मला दोनदा फरफटवलं,
हातात सराटे, पँट गुडघ्यात फाटलेली.
विजयमालानं टाका घालता घालता विचारलं,
“किती उंच गेलासा?”
“गुडघ्याएवढा.”

माघातल्या एका रविवारी धूर वाकला.
मुबीनानं पट्टे ओढून बघितले:
पाय, पाय, छाती, हेल्मेट.
परत: पाय, पाय, छाती, हेल्मेट.
“मी सांगतो तवा वळ. त्याआधी न्हाई.”
कापड वर आलं, थोडं डावीकडं गेलं,
आणि माझे पाय, मला न विचारता, डावीकडं गेले.
“वळ.”
दरी होती. इतके दिवस माझ्या पाठीशीच होती.

पळालो. पळतच राहिलो.
जमीन सुटली हे पायांना कळलंच नाही,
हवेत सायकल मारत होतो,
आणि कानातल्या रेडिओवर मुबीना:
“बस आता, पायगोंडा. बस की!”

बसलो.

दोऱ्यांतनं बारीक शीळ येत होती.
सवयीनं कान बिघाड शोधायला गेला,
दोन मिनिटं चाळीस सेकंद हिंडला
आणि रिकाम्या हातानं परत आला.

उतरलो तोडणी झालेल्या उसात, पाचटावर, ढुंगणावर.
ट्रॅक्टरवरचं पोरगं पळत आलं:
“वरनं काय काय दिसलं ओ? पन्हाळा? जोतिबा? रंकाळा?”
म्हटलं, “काहीच बघितलं न्हाई.”
चैत्रात डोंगरावरनं
गुलालाचा ठिपकाही न लागता आलेल्या माणसाकडं बघावं,
तसं बघितलं त्यानं. मग कापड गोळा करायला लागलं,
एकदम चुकीच्या बाजूनं.

इंजिन अजून बाकाखाली आहे, पोत्यानं झाकलेलं.
शनिवारी प्लग काढतो, पुसतो, परत बसवतो.
दोरी ओढत नाही.
भूपाल शटर अर्धं ओढून विचारतो, “आज?”
मी दारात जाऊन
समोरच्या फौंड्रीचा धूर बघतो.