शेऱ्याचा रकाना

सोनेगावच्या वेधशाळेत त्या रात्रपाळीला
आम्ही दोघंच, हेडाऊ आणि मी.
खिडकीबाहेर धावपट्टीचे दिवे भिजत होते,
शेवटचं विमान हैदराबादहूनच परत फिरलेलं.

"येतोय," हेडाऊ म्हणाले,
पावणा येतोय म्हणावं
अन् चहात कपभर पाणी वाढवावं, तसं.

कलिंगपट्टणमला किनारा चढला तेव्हा नाव होतं त्याला.
त्या नावानं शाळांना सुट्ट्या दिल्या होत्या.
आणि त्याही आधी, म्हणे, व्हिएतनामच्या पलीकडे
आणखी एक नाव,
तिकडच्या समुद्रानं ठेवलेलं.
जमीन लागली आणि त्यानं
एकेक उतरवून ठेवलं:
आधी डोळा, मग वेग, मग नाव.
बस्तर ओलांडेपर्यंत उरला
नुसता कमी दाब.

नागपूरला समुद्र नाही.
असून असून अंबाझरी, तिलाही भिंत.
दगडाचे चार घोडे उभे करून
इथून मुलखाची अंतरं मोजली गोऱ्यांनी,
आणि घोडे अजून तिथंच आहेत.

तीनला दाबलेखकाची निब घसरायला लागली,
अंधारात जिन्याची पायरी चाचपावी तशी.
नऊशे सदुसष्ट.
सहासष्ट पूर्णांक चार.
मी वाचत होते, ते लिहीत होते.
तीन चाळीसला वारा थांबला.
पार थांबला.
पन्हाळीतून एक थेंब, मग बराच वेळानं दुसरा.

"डोक्यावर आहे," हेडाऊ म्हणाले.
"बोलू नका, उके."

मग शेऱ्याच्या रकान्यात,
जिथं वीज, गडगडाट, धुकं
एवढंच लिहायची मुभा,
त्यांनी पेन्सिलीनं एक नाव लिहिलं.
बाईचं. चार अक्षरी.
त्यांच्या घरात त्या नावाचं कुणी नव्हतं,
मी ओळखत होते घर.

चार वाजता वारा परतला, उलट्या दिशेनं.
त्यांनी खोडरबर मागितलं.
वही पुण्याला तपासणीला जायची असते.

सकाळी खामल्यात दूधवाला म्हणाला,
"काहून बाप्पा, झडच लागली ना."
तेवढंच. दोऱ्यांवर कपडे ओले.
रात्री घरावरून कोण गेलं
कुणी विचारलं नाही.

सहाव्या दिवशी पराते वहिनी मोबाइल घेऊन आल्या.
मुलगा सोहारला, ओमानात, वेल्डर.
"माय, इकडे तुफान आलं आहे.
नालीच नाही ना वो इथं, पानी जाईन कुठं?"
मागं काहीतरी पत्र्याचं आपटत होतं.
त्यानं तुफानाचं नाव सांगितलं,
नवीन, कोरं, अरबी समुद्रानं बारशाला ठेवलेलं.
"तुम्ही हवामानात आहात, कसं आहे हो ते?" वहिनी म्हणाल्या.

मी म्हटलं, ओसरेल उद्यापर्यंत.
हे नाही म्हटलं की
तुमच्या गच्चीवरून गेलंय ते,
तुमच्या पापडांवरून,
अनवाणी.

हेडाऊ जानेवारीत निवृत्त झाले.
निरोपसमारंभात शाल, नारळ, भाषण त्यांचं दोन मिनिटांचं,
त्यातलं दीड मिनिट पावसाच्या सरासरीवर.
आता दाब यंत्रच नोंदतं,
शाई लागत नाही, बोटं काळी होत नाहीत.

ती वही पुण्याहून परत आली आहे.
ट्यूबलाइटसमोर धरली की
त्या रकान्यातून उजेड जरा जास्त येतो.
अक्षरं लागत नाहीत.
मी बोट ठेवत नाही तिथं.
कागद पातळ झालाय.