टाईमप्लीज

तीन आठवडे मी एक संकट लिहीत बसले होते.
क्लाइपेदात जानेवारी, बाहेर उणे सतरा,
खाडीवर बर्फाची जाड साय,
आणि शहराच्या प्रत्येक रेडिएटरमध्ये आमचं गरम पाणी.
बुधवारी दहा वाजून दहा मिनिटांनी
ते मला थांबवायचं होतं.
कागदावर.

आधी ठरवलं, काय मोडायचं.
सगळंच मोडलं तर कुणी काही शिकत नाही,
नुसते हात वर करतात.
म्हणून एकच धागा ओढला:
हिशेब खात्यातल्या आउश्रिनेला आलेलं बिल,
पाइपवाल्यांच्याच नावाचं,
फक्त एक अक्षर इकडचं तिकडे.
ती ते उघडेल. मीही उघडलं असतं.
हे तिला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं,
चारचौघांत बोटं तिच्याकडे वळायला नकोत.

मग पाकिटं. अकरा, क्रमांक घालून.
चौथ्यात पंपांचे आकडे पडद्यावरून पुसले जातात.
सहाव्यात खंडणीची चिठ्ठी, ती चारदा लिहिली,
पहिल्या खेपेला चोर फारच सभ्य झाला होता.
नवव्यात प्रसूतिगृहाचा फोन: खोल्या गार पडताहेत.
ते चिकटवताना
हात जरा थांबला.

संचालक रिमगाउदास म्हणाले, मला वेळ नाही.
म्हटलं, हरकत नाही,
पाचव्या पाकिटात तुम्ही विमानातच आहात, फोन बंद.
मग आले, सगळ्यांच्या आधी,
मधाचा केक घेऊन.

फळ्यावर नियम:
खऱ्या यंत्राला हात लावायचा नाही.
कुणाला नापास करायचं नाही.
आणि खरंच काही घडलं, तर म्हणायचं टाईमप्लीज,
लहानपणी पकडापकडीत धाप लागली की म्हणायचो तसं,
ज्याच्यावर राज्य असेल त्यानंही थांबायचं.
सगळे हसले.
वाइदोतास नाही हसला. चाळीस वर्षं बॉयलरघरात,
लुटुपुटूच्या लढाईला तो कामाचे बूट घालून आला होता.

चौथ्या पाकिटापर्यंत केक संपला आणि बोलणंही.
आकडे गेले, आता?
वाइदोतास म्हणाला, नळीला हात लावला की कळतं.
कुठलं चाक कुठल्या खड्ड्यात फिरवायचं?
मला माहीत आहे. आणि झेनोनासला.
भिंतीवरच्या यादीत झेनोनासचा नंबर होता,
पहिलाच.
दोन वर्षांपूर्वी त्याच्या शवपेटीला
आम्हीच खांदा दिला होता.

तेवढ्यात फोन.
फोनवर गिंतारे बसवलेली, नवीन पोरगी,
लिंबूटिंबू म्हणून, तिलाही काही काम हवं.
मिनिया रस्त्यावरच्या एक आजी, सकाळपासून रेडिएटर थंड.
सगळे माझ्याकडे बघून कौतुकानं माना डोलवतात:
हे कितवं?
मी कागद चाळते. पुन्हा चाळते.
हे माझं नाही.

गिंतारे हळूच म्हणाली, टाईमप्लीज.

आणि खोलीतल्या खोलीत
माणसांचे चेहरे बदलले.
वाइदोतासनं फोन घेतला: आजी, बाजूला एक स्क्रू आहे,
नाण्यानं फिरवा, खाली कप धरा, घाबरू नका,
सुस्कारा ऐकू येईल.
आला. बारा जणांनी ऐकला.
अडकलेली हवा होती, दुसरं काही नाही.
आजी म्हणाल्या, आज तुमच्याकडे इतकं शांत कसं?

संध्याकाळी अहवाल.
यशस्वी, असा शब्द लिहिला आणि खोडला.
त्याखाली: फोनची यादी नवी करणे.
चाकांचा नकाशा, सध्या एकाच डोक्यात आहे,
तो कागदावर उतरवणे.
वाइदोतास मार्चमध्ये निवृत्त.
तोवर गिंतारेनं रोज त्याच्याबरोबर खड्ड्यांत उतरणे,
तिला आधी बूट देणे.

दहावं आणि अकरावं पाकीट उघडायचं राहिलं.
ती ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं,
दारापर्यंत गेले,
परत आले,
आणि किल्ली कुठे असते
ते गिंतारेला सांगितलं.