फुगलेली

मे महिना, दुपारचे दोन.
वडनेरच्या स्टँडवर कुत्रंसुद्धा हापशीच्या ओल्या गाळात,
आणि रेवनाथ कोडापे, जिनिंगचा रातपाळीचा चौकीदार,
झोपायच्या वेळी माझ्या टेबलासमोर उभा.
दुपट्ट्याच्या गाठीतून त्यानं काढला
हातात धरून खेळायचा गेम,
पाठीची शिवण एका अंगानं उसवलेली.
"फुगला बापा हा. बटनच दबत नाही."

भाकर फुगली की चुलीपुढचं माणूस खूश होतं.
बॅटरी फुगली की मी आधी खुर्ची मागं सरकवतो.

स्क्रू तीन पाकळ्यांचा.
त्याचा पाना कंपनीनं दुकानांत ठेवलाच नाही,
म्हणजे उघडू नका, फेका, नवा घ्या.
माझा पाना सायकलच्या स्पोकचा,
घासून घासून टोकाला पाकळ्या आणल्या त्याला
सहा उन्हाळे झाले.

आत ती चांदीच्या कागदाची उशी,
काळ्या गोंदानं तळाला चिकटवलेली.
टिनावर दहा मिनिटं ठेवली असती
तर उन्हानंच सुटला असता गोंद,
पण मग दुकानही सुटलं असतं.
शेजारच्या पार्लरातून विशाखाचा ड्रायर आणला,
लांबून फुंकर घालत राहिलो.
लोखंड लावायचं नाही.
टोक रुतलं की धूर आधी येतो,
अक्कल मागून.
मासोळीच्या गळाची नायलॉन दोरी खालून सरकवली,
इकडून तिकडे, तिकडून इकडे,
रेवनाथ श्वास धरून.

"हे निघालं तं आतला आकडा जाईन का?"
"कोणता आकडा?"
तो खाली पाहू लागला.
पोरगी मोनाली, सावंगीला नर्सिंग शिकते.
जाताना गेम बापाकडे सोडून गेली,
रात्री डोळा लागू नये म्हणून.
एक लाख चौदा हजार दोनशे तिचे.
याचे एक लाख तेरा हजार नऊशे,
दोन वर्षं झाली, तिथंच अडकलेले.
"पुसला गेला तं मी कोणाच्या मागं धावू?"

मी म्हटलं, आकडा बॅटरीत राहत नाही, चिपमध्ये राहतो.
म्हटलं खरं.
मनात थोडी धाकधूक होतीच.

उशी सुटली.
डालड्याच्या डब्यात नदीची रेती असते माझ्याकडे,
त्यात तिला पुरली, डबा बाहेर, भिंतीपासून दूर.

कंपनीची बॅटरी नागपुरातही मिळत नाही.
मिळाली तर गोदामात पडून म्हातारी झालेली.
मग ड्रॉवर उपसला:
बेवारस ब्लूटूथ स्पीकर, फवारणी पंपाचे चार्जर,
कुणाचा तरी मोबाइल, परत न्यायला न आलेला.
पट्टीनं मोजत गेलो. साठ लांब, पन्नास रुंद, जाडी चार.
अर्धा मिलिमीटर जास्त, की झाकण पुन्हा रुसणार.
स्पीकरची बसली.

तारा तीन.
लाल देते, काळी परत नेते,
पिवळी फक्त विचारत असते, अंगात ताप आहे का?
तिला वगळून जोडणारे आहेत गावोगाव.
मी पिवळीला शेवटी डाग देतो,
पण देतो.

अन् लाइट गेली.
अर्धा तास दोघं पुठ्ठ्यानं वारा घेत बसलो,
बोललो कापसाच्या भावावर, विंचवावर,
आकड्यावर नाही.

लाइट आली, बटन दाबलं.
गेमनं आधी तारीख विचारली.
त्याच्या लेखी आज एक जानेवारी होती,
कधीच्या काळची.
"राहू दे तारीख," रेवनाथ म्हणाला, "यादी काढ."
यादी निघाली.
वर एम, ओ, एन.
खाली आर, ई, व्ही.
तीनशेनं मागं पडलेला माणूस
इतका खूश झालेला मी आधी पाहिला नव्हता.

दीडशे सांगणार होतो, शंभर म्हणालो.
घरी झोपायला जातो म्हणून निघाला
आणि स्टँडच्या बाकावर बसला, मान खाली घालून.
उमरीची गाडी आली, गेली.

संध्याकाळपर्यंत मी दोनदा उठून
डब्यातल्या रेतीला हात लावला.
गरम होती.
पण मे महिन्यात आमच्याकडे
सगळंच गरम असतं.