आधी रेघ

फ्रिजवरचा कागद मीच टाइप केलेला.
सप्टेंबर: प्रिस्क्रायबरचा कोर्स.
मार्च: घराच्या डिपॉझिटचे उरलेले सहा हजार.
त्यापुढच्या उन्हाळ्यात मूल, जमलं तर.
'जमलं तर' मकरंदने पेनने लिहिलं.
मी खोडलं नाही,
टाइपही केलं नाही.

हॅलिफॅक्समध्ये चढ नसलेला रस्ता नाही.
दुकान बंद करून मी बसकडे उतरते
ती वाट हॅरल्ड स्ट्रिंगरच्या छापखान्यावरून.
त्याच्या गुडघ्यांच्या गोळ्या मीच मोजते,
एवढीच आमची ओळख.

एका गुरुवारी काउंटरवर माझी यादी राहिली:
दूध, केळी, डाळ.
त्याने बोट ठेवलं.
हा कोण, दोन डोळ्यांचा?
म्हटलं, ळ. आमचा आहे.
(किती आमचा, ते इथे येईपर्यंत
मलाही कुठे ठाऊक होतं.)
त्याने जीभ मागे वळवून तीनदा पाहिलं,
तीनदा ल निघाला.

मग म्हणाला,
नाशपातीचं लाकूड पडून आहे. माझा हात आता थरथरतो.
तू काढ, तू कोर, पन्नासेक अक्षरं.
ऑक्टोबरअखेर जागा सोडायची आहे मला.
पैसे नाहीत. चहा आहे.

माझ्याकडे वेळ नाही, मी म्हटलं.
इंग्रजीत ते वाक्य फार सभ्य वाटतं.

बाबा साताऱ्यात जुन्या जमिनींचे कागद वाचायचे, मोडीतले.
सांगायचे, मोडीत आधी रेघ.
या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढून घ्यायची,
मग तिच्यावर अक्षरं टांगायची
वाळत घातल्यासारखी.
बालबोधीत उलटं. अक्षर आधी,
रेघ मागाहून,
शब्द कुठे संपला ते कळल्यावर.
मी मोडीच्या जातीची.
डोक्यावर रेघ नसेल
तर मला साधा क सुचत नाही.

तरी रविवारी गेले.
नुसतं लाकूड बघायला, असं घरी सांगून.

लाकडात सगळं उलटं कोरायचं.
ग पाठमोरा, त पाठमोरा,
ळ मात्र आरशातही जवळजवळ तसाच.
प्रत्येकाने आपापल्या डोक्यावरचा रेघेचा तुकडा
बरोबर घेऊन यायचा
आणि शेजाऱ्याच्या तुकड्याला भिडवायचा.
पहिले नऊ ठोकळे मी फुकट घालवले.
दहाव्याला पटाशी अंगठ्यात गेली.

हे कागदावर कुठे बसतं? मकरंदने विचारलं.
रागावला नव्हता.
त्याला खरंच जागा हवी होती,
सप्टेंबरच्या खाली की मार्चच्या वर.

कोर्स सोडला नाही मी.
नव्वद तासांच्या वहीत
एकसष्ट भरले वेळेवर,
बाकीच्यांसाठी मुदत मागितली.
डॉक्टर ओयेलारन माझा अंगठा बघत म्हणाल्या,
कारण लिहा.
मी बराच वेळ पेन धरून बसले
आणि 'वैयक्तिक' लिहिलं.
डिपॉझिटला अजून तीन हजार आठशे कमी आहेत.
हेही त्या रविवारांमुळेच,
उगाच दुसऱ्या कशावर ढकलत नाही.
शनिवार-रविवारच्या जादा पाळ्या मीच नाकारल्या.

छापखाना गेला. आता तिथे
कुत्र्यांचे केस कापतात.
अक्षरं माझ्याकडे बुटांच्या खोक्यात, एकेचाळीस.
क्ष राहिलाय. ज्ञ ला मी हातच लावलेला नाही.

शेवटच्या दिवशी एकच शब्द छापला:
ड, काना, ळ.
ड आणि काना भिडले.
कान्याच्या पुढे रेघ केसभर तुटली
आणि ळ जरासा खाली बसला.
खालून कागदाची घडी सारली की वर येईल,
हॅरल्ड म्हणाला,
आणि शाईचा डबा बंद करून टाकला.
डाळ, तो म्हणाला.
ल च निघाला.

आमच्या फ्रिजवर एकच चुंबक चांगलं आहे,
दोन्ही कागद त्याच्याखाली.
खालचा वाचायचा तर वरचा उचलावा लागतो.
मकरंद उचलतो रोज सकाळी,
दुधाची बाटली दुसऱ्या हातात धरून,
वाचतो,
आणि परत सोडतो.