अंगी लागणं

मार्चमध्ये ह्यांच्या पट्ट्याला मी तिसरं भोक पाडलं.
गॅसवर खिळा तापवला, खिडकी उघडी ठेवली,
जळक्या चामड्याचा वास स्वान्सीच्या ओल्या वाऱ्यात गेला
आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला:
अकरा वर्षांचं पथ्य अंगी लागलं.

अकरा वर्षं मीठ मी चिमटीनं नाही, नखानं घातलं.
तूप हद्दपार. अंड्याचं पिवळं बेसिनमध्ये.
दाण्याचं कूट कपडे धुण्याच्या पावडरीमागे दडवलं
आणि ह्यांनी ते शोधलंही नाही.
तेव्हाच कळायला हवं होतं.

मग झडप बदलली.
सर्जन म्हणाला, काम झकास झालंय,
बसवलेल्या दारावर हात फिरवत सुतार म्हणतो तसं.
दार ठीक होतं. घराचं कुणी बोललं नाही.

ओवेन नावाचा मुलगा आला व्यायाम शिकवायला.
ह्यांच्या हातात एक यंत्र देऊन म्हणाला, आवळा.
ज्या हातानं पोर्ट टॅल्बटला सव्वीस वर्षं
वितळल्या पोलादाची बादली माणसांच्या डोक्यांवरून नेली,
एकदाही हिंदकळू दिली नाही,
त्या हातानं आवळलं.
चौदा किलो.
झाकली मूठ सव्वा लाखाची, आई म्हणायची.
यंत्राला म्हण माहीत नव्हती.

मग चार मीटर चाला. फरशीवर पिवळी पट्टी, ओवेनच्या हातात घड्याळ.
सप्तपदीला हे इतके भरभर निघाले होते
की भटजी ओरडले, अहो, मागं एक मुलगी बांधलीय तुम्हाला!
आता मी पुढे, पट्टीपलीकडे, ह्यांचा कोट धरून.
नऊ सेकंद.
कोट जड होता.

आहार बघणारी केरिस, नखांना हिरवा रंग,
वजनाचा तक्ता पाहून म्हणाली, हे कधीपासून?
मी म्हटलं, बघा ना, बारा किलो!
ती हसली नाही.
गेली ती सगळी चरबी नव्हती, म्हणाली.
ह्यात मांड्या गेल्यात. दंड गेलेत.
हळू बोलत होती,
घरातल्याच माणसानं चोरी केली
हे कळल्यावर पोलीस बोलतात तसं.

मीठ कमीच असू दे, म्हणाली, पण बाकीचं द्या.
मासे, डाळ, अख्खं अंडं,
दुधात आणखी दुधाची भुकटी.
भूक लागायची वाट बघू नका, ती येणार नाही.

त्या रात्री अंडं उकडलं, पिवळ्यासकट.
ह्यांनी बशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"चालेल?"
हा प्रश्न अकरा वर्षं मीच शिजवत होते.

लगेच काही झालं नाही.
दोन घास, की ताट सरकवायचे.
पाचच्या सुमारास शेजारची ग्लेनिस तांदळाची खीर घेऊन आली, ओव्हनमधली, वर करपलेली साय,
ती मात्र चाटूनपुसून संपवली.
मी तिची वाटी तीनदा घासली.
चौथ्यांदा घासताना ठरवलं, उद्या तिला कृती विचारायची.

आमची गल्ली टेकडीवर, जिन्यासारखी उभी.
एप्रिलभर फाटकापर्यंत.
मेमध्ये दिव्याचा पहिला खांब, तिथे टेकून दोन मिनिटं समुद्र बघायचा
म्हणजे दम लागला असं दिसत नाही.
बातम्या चालू असताना खुर्चीतून उठणं, हात न टेकता,
पाच वेळा. एकदा चौथ्यालाच धपकन बसले
आणि दोघंही हसलो, मी जरा उशिरानं.
जुलैत तिसरा खांब.
चौथा अजून वर आहे. त्याला कुणी विचारत नाही.

काल काटा नऊशे ग्रॅम पुढे.
मी आनंदले नाही. आधी खाली बसले,
मोजा उतरवला, घोट्यावर अंगठा दाबला:
पाणी आहे का माणूस?
मनात दहापर्यंत मोजलं, अंगठा काढला.
खड्डा पडला नाही.
पुन्हा दाबला.
"दुखतंय गं," हे म्हणाले.
दुखू दे, म्हटलं. दुखू दे थोडं.